खणीवरच्या नऊ चुली

अनघाच्या मागच्या पत्रात एक ओळ होती. घरमालकाचं पाकीट आलं आहे, दोन दिवस टेबलावर तसंच पडून आहे, उघडायचा धीर होत नाही. ती ओळ वाचली आणि मला बेलीफमामा आठवले. ते असते तर म्हणाले असते, "पोरी, आदी कागूद वाचायचा. मग रडायचं असलं तर रडायचं." समोर रडणारी बाई असो की शिव्या घालणारा पुरुष, मामा पहिल्यांदा हात पुढे करायचे आणि कागद मागायचे.

तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलेलं नाही. सलीलला बेलीफ हा शब्दही माहीत नसेल, म्हणून आधी तेवढं सांगते. घराचा ताबा घ्या, सामान बाहेर काढा, असा कोर्टाचा निकाल झाला की तो अमलात आणायला दारात जो माणूस येतो तो बेलीफ. मारुती सखाराम पोवार यांनी ते काम वीस वर्षं केलं आणि मग सोडलं. सोडल्यावर ते दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. ज्यांच्या दारात बेलीफ येणार असे, त्यांच्याकडे मामा एक दिवस आधी पोहोचलेले असत.

तुमची आई शाळेत होती त्या काळात, म्हणजे साठ-सत्तरच्या सुमाराला, ते आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत भाड्यानं राहत. बायको लवकर गेली होती, एकुलती एक लेक गडमुडशिंगीला दिलेली. उंच, हाडापेराचा माणूस. अंगात नोकरीतला खाकी कोट, पण त्याची पितळी बटणं काढून साधी काळी लावलेली. सायकल होती, तिच्या मागे कागदांची पत्र्याची पेटी बांधलेली, पण ती चालवताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही. ते सायकल हाताला धरून चालत. "वर बसलं की माणसं दिसत न्हाईत," म्हणायचे. आवाज असा की आमच्या स्वयंपाकघरात हळू बोलले तरी पुढच्या ओट्यावर तुमच्या आजोबांना सगळं कळायचं.

नोकरी का सोडली, हे मी त्यांना दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, "पाय दुखत्यात, बाई." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी एका शिंप्याच्या घराची गोष्ट सांगितली. ताब्याचा हुकूम घेऊन ते दारात उभे राहिले. शिंपी घरात नव्हता. बायकोला वाटलं कोणी कपडे शिवायला आलं आहे. ती म्हणाली, "या पावणं, बसा की. च्या टाकते." चालून चालून मामा दमले होते. बसले, चहा प्यायले, कपबशी खाली ठेवली आणि खिशातून हुकूम काढून वाचायला लागले. ती बाई रडली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग आदी वाचायचं हुतं की. च्या पिऊन का वाचलासा?"

"तिचं बराबर हुतं," मामा मला म्हणाले. "आदी वाचायचं हुतं." त्या वर्षाअखेर त्यांनी राजीनामा दिला.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. वरच्या कोर्टाचे कागद इंग्रजीत येत आणि मामांचं इंग्रजी शिक्का आणि तारीख यांच्यापलीकडे जात नव्हतं. "बाई, हे विंग्रजी काय म्हणतंय बगा," असं म्हणत ते येत. मी वाचून अर्थ सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे. एखाद्या वाक्याला डोळे उघडले की ओळखावं, तिथे काहीतरी आहे. हळूहळू उलट दिशेचे, म्हणजे कोर्टात जाणारे कागदही मी लिहू लागले. त्यांवर माझं नाव कधी नसे आणि मामांनी ते कुणाला सांगितलं नाही.

त्याला कारण होतं. शहराच्या एका कडेला दगडाची जुनी खण होती. दगड संपला तसं मालकानं काम बंद केलं, पण दगड फोडणारी माणसं तिथेच राहिली. पुढे एका पुरानंतर शिरोळकडची एक भावकी त्यांच्या शेजारी येऊन राहिली. नदीनं गावातली त्यांची घरं नेली होती आणि शेत मुळातच नव्हतं. नऊ भाऊबंदांनी खणीच्या काठावर एका ओळीत नऊ घरं बांधली. दगड खणीतलाच, वर कौलं. सगळी मिळून साठेक घरांची वस्ती झाली. मग शहर सरकत सरकत खणीपर्यंत आलं आणि मालकाला आपली जमीन आठवली. त्या मालकांचं नाव मी लिहीत नाही, त्यांची नातवंडं चांगली माणसं आहेत. पण ते आमच्या शाळेच्या मंडळावर होते, एवढं सांगितलं की माझी अडचण तुम्हाला कळेल. एकदा शाळेच्या समारंभात ते आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना सहज म्हणाले, "खणीवरची माणसं अलीकडं फार सुंदर इंग्रजी लिहायला लागली आहेत." बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणूनच मला कळलं की त्यांना कळलं आहे.

मामा दर रविवारी खणीवर जाऊन माणसांची उजळणी घेत. दारात कुणी आलं तर काय विचारायचं? हुकूम कुणाचा? तारीख कुठली? शिक्का कुठाय? माणसं एका सुरात उत्तरं देत. एक म्हातारा दगडफोड्या म्हणायचा, "बापानं शाळंत घातलं न्हाई, मामा, तुमी घातलासा." मामा म्हणायचे, "त्या शाळंत नापास झालास तर वरसभर बसायचं. हितं नापास झालास तर रस्त्यावर. सांग, शिक्का कुठाय?"

दावा तीन वर्षं चालला आणि शेवटी कोर्टात तडजोड झाली. खणीवरच्या नांदत्या घरांना मालकानं हात लावायचा नाही, आणि मोकळी जागा ज्याची जितकी नांदती घरं तितक्या हिश्श्यानं वाटायची. नांदती घरं कोणती, हे ठरवायला कोर्टाचा मोजणी कारकून एक दिवस येऊन यादी करणार. हे ठरलं आणि महिन्याभरात मालकानं खणीच्या पलीकडच्या अंगाला पत्र्याची वीसेक खोपटी उभी केली. प्रत्येकात तीन दगडांची चूल मांडली आणि ही आमच्या गड्यांची घरं आहेत, तीही धरा, असं म्हणायला लागले. ती धरली असती तर जागेचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे परत गेला असता.

हे कळलं त्या संध्याकाळी मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "बाई, लिवा. ज्या घरात चूल पेटलेली दिसंल तेच नांदतं घर. नुस्ती मांडलेली चालायची न्हाय. इस्तू पायजे."

मी ते इंग्रजीत लिहिलं. मला नीट लिहायची सवय आहे, कुठे फट राहू दिली नाही. दोन्ही वकिलांनी वाचलं, न्यायाधीशांनी मान्य केलं, आणि मालकाची वीस खोपटी एका वाक्यात बाद झाली. त्या दिवशी मामा सायकलवर बसून घरी गेले.

मोजणी गुरुवारी ठरली होती. बुधवारी सकाळी नऊ घरांतल्या थोरल्या घरातले आबा वारले. गंगाआक्कांचे यजमान. मामा त्या दिवशी लेकीकडे होते, त्यांना काही कळलं नाही. गुरुवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मीही खणीवर गेले. कारकुनानं अटीबद्दल काही विचारलं तर इंग्रजी वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं. वस्तीत शिरलो तर दगडफोड्यांच्या घरांतून धूर निघत होता आणि काठावरच्या ओळीतून काहीच नाही. मामा जागच्या जागी थांबले. त्यांना माझ्या आधी कळलं.

तुम्हाला सांगायला हवं, आपल्याकडे घरात माणूस गेलं की रक्षाविसर्जन होईपर्यंत चूल पेटवत नाहीत. भाकरी-पिठलं शेजारपाजारचे आणून देतात. इथे भावकी एक, म्हणून सुतक नऊही घरांना. रक्षाविसर्जन शुक्रवारी होतं. मोजणी आज होती.

कारकून माणूस वाईट नव्हता. मामा त्याला म्हणाले, "सायेब, दोन दिवस दम खावा की. उद्या रक्षा हाय."

"मामा, हुकूम आजचा हाय. उद्या मला दुसऱ्या तालुक्यात जायचंय."

"मग असं लिवा. चूल हाय, सुतकामुळं बंद हाय."

"तसला रकाना न्हाय. पेटल्याली हाय किंवा न्हाय, एवडंच इच्यारलंय." तो माझ्याकडे वळला. "बाई, वाचा तुमच्या कागदात काय हाय ते."

मी माझंच वाक्य वाचलं. त्यात खरोखरच कुठे फट नव्हती.

कारकून वरच्या घरांपासून सुरुवात करून खाली येत होता. मामा गंगाआक्कांच्या अंगणात गेले आणि उकिडवे बसले. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, भोवती जावा. थोरलीनं पेटवली तर बाकीच्या पेटवणार होत्या, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आक्का, कारकून आलाय," मामा म्हणाले. त्यांचा एवढा खालचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"दिसतंय की."

"चूल पेटलेली पायजे म्हणतोय."

"ही अट कुणी घातली?"

"म्यां."

"काल मातीला सारी वस्ती आलती. तुमीच तेवडं नव्हतासा."

"मुडशिंगीला गेलतो. कळालं न्हाय."

आक्कांनी पदर डोक्यावर नीट ओढला. मग म्हणाल्या, "त्यांची राख अजून निवली न्हाय, मामा. आन् मी चुलीला काडी लावू?"

मागून एक धाकटी जाऊ म्हणाली, "आक्का, घर जाईल वो." आक्कांनी मान न वळवता सांगितलं, "तुला लावायची तर लाव. मी नगं म्हणायची न्हाय." धाकटी जागची हलली नाही. कारकून चार घरांवर आला होता. पायाखाली खडी वाजत होती ती ऐकू येत होती.

"तुमी सांगा, मामा," आक्का म्हणाल्या. "तुमी लाव म्हणलासा तर लावते. पर मग ते तुमच्यावर."

मामांनी फक्त मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा. आज मला त्याची लाज वाटत नाही. नऊ घरांतली चाळीस माणसं होती.

"नगा लावू," मामा म्हणाले. "घराचं मी बगतो."

कारकुनानं नऊ घरांपुढे नऊ वेळा 'नाही' लिहिलं. परत येताना मामा खणीच्या वळणावर थांबले आणि म्हणाले, "बाई, अट लिवताना आपुन जित्या माणसांचा इचार केला. मेल्याला धरलाच न्हाय."

पुढे चार महिने हरकतीचे अर्ज झाले. ते सगळे मी लिहिले आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत कडक इंग्रजी त्यांत आहे. सुनावणी एका मंगळवारी लागली. मालकाकडचे लोक हुशार, त्यांनी नऊ घरांच्या ताब्याचा हुकूम आदल्या दिवशीचा, सोमवारचाच मिळवला. घरं पडली की मंगळवारी हरकत कसली घेणार? मामांच्या हातात सोमवारची दुपार होती, आणि एक नियम. दिवस मावळल्यावर राहत्या घराचा ताबा घेता येत नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी गंगाआक्कांना सांगितलं, "आज दिवसभर नऊबी चुली इझू द्यायच्या न्हाईत." आक्कांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी पहिली पेटवली.

मी डोकं दुखतंय असं सांगून शाळेतून निघाले आणि सुनावणीच्या नोटिशीची प्रत घेऊन खणीवर पोहोचले, तेव्हा दोन वाजले होते. बेलीफ येऊन ठेपला होता. बरोबर दोन हवालदार, पहारी घेतलेले आठ मजूर आणि मालकाचा दिवाणजी. बेलीफाचं नाव सदाशिव. बारीक चणीचा, चष्मा लावणारा. मामांनी नोकरीतल्या शेवटच्या चार वर्षांत त्याला हाताखाली घेऊन तयार केलं होतं. घरी बायको आणि दोन लहान मुलं.

"मामा, बाजूला व्हा," सदाशिव म्हणाला.

"हुकूम वाच."

"तुमास्नी पाठ असंल की."

"मला न्हवं. ज्यांची घरं हाईत त्यास्नी वाचून दाव. मराठीत."

सदाशिवनं वाचला. नऊ घरांपुढे उभं राहून नऊ वेळा वाचला, कारण नियम तसा होता. मग दिवाणजीनं आपले दोन गडी पंच म्हणून पुढे केले. मामा म्हणाले, "ही मालकाची माणसं. पंच तटस्थ पायजेत. असलं पंच घ्यायला कुणी शिकवलं तुला?"

"तुमीच शिकवलंसा, असलं घ्यायचं न्हाईत म्हणून," सदाशिव म्हणाला. क्षणभर दोघांच्याही ओठांवर हसू आलं आणि दोघांनीही ते गिळलं.

वस्तीतला एकही पुरुष पंच व्हायला तयार होईना. एकाला डोळ्यांनी दिसत नव्हतं. दुसऱ्याची सासू आजारी होती. "तुजी सासू गेल्या साली मेली की," सदाशिव म्हणाला, त्याच वस्तीत तो पूर्वी नोटिसा घेऊन आलेला होता. तो माणूस शांतपणे म्हणाला, "व्हय की. तवापासनं जास्तच हाय." हवालदार तोंड फिरवून हसला. शेवटी मोठ्या रस्त्यावरून एक गिरणीवाला आणि एक सायकलदुकानदार मिनतवारी करून आणावे लागले. साडेतीन वाजून गेले.

"आता यादी," मामा म्हणाले. "काय बी भाईर काडायच्या आदी, नऊबी घरांची."

दिवाणजी उसळला. "एकाची करा, काढा, मग दुसऱ्याची करा. हे काय नाटक लावलंय?"

"आन् ह्याची परात त्याच्या ढिगात गेली तर? भावकी हाय, उद्या एकमेकांची डोस्की फोडतील. तुमी सोडवाय येणार?"

हवालदार कंटाळला होता. "करा वो यादी. आमालाबी भांडणं नगंत," तो म्हणाला.

सदाशिव गंगाआक्कांच्या घरात शिरला. पंच मागे, मी दाराशी. त्याचं अक्षर सुरेख होतं. मामांनी त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती, डोळ्याला दिसेल ते लिहायचं, मनाला वाटेल ते नाही. तो लिहीत गेला. गोधड्या चार. पितळी तांब्या एक. काठवट एक. आबांची काठी एक, तिच्याजवळ तो किंचित थांबला. मग चुलीपाशी आला. चुलीत लाकडं धडधडत होती, वर आमटीचं पातेलं होतं. त्याचा हात थांबला.

उद्या काय आहे ते त्याला माहीत होतं. कोर्टात सगळ्यांनाच माहीत होतं. मामा त्याच्याकडे बघत नव्हते. ते अंगणात उभे राहून पश्चिमेकडे बघत होते.

"चूल काय सामान हाय व्हय?" दिवाणजी दारातून म्हणाला. "मातीची चूल. ती कुठं न्यायची हाय? सोडा ते, पुढं चला."

सदाशिवनं चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, परत लावला. मग लिहिलं, आणि लिहिलेलं नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचलं. "चूल एक, पेटलेली. वर आमटी, उकळी आलेली."

"हे कशाला लिवलंसा?" दिवाणजीनं विचारलं.

"दिसलं," सदाशिव म्हणाला.

असं नऊ घरांत झालं. एका घरात तांदूळ होते, एकात नुसतं पाणी तापत होतं, त्यानं तेही लिहिलं. शेवटच्या घरातून तो बाहेर आला तेव्हा बायकांनी मुलांना कडेवर घेतलेलं होतं, मजूर पहारी घेऊन उभे राहिले होते आणि ओळीच्या पहिल्या घरावर अजून तांबूस ऊन होतं. सदाशिवनं पंचांच्या सह्या घेतल्या, एकेक पान उलटून पुन्हा पाहिलं, मग मान वर केली. ऊन गेलं होतं. त्यानं पेनला टोपण लावलं.

"अजून उजेड हाय," दिवाणजी ओरडला.

"उजेड हाय," सदाशिव म्हणाला. "सूर्य न्हाय."

मंगळवारी सकाळी त्या पंचनाम्याची प्रत हरकतीला जोडली. कोर्टाच्याच बेलीफानं, तटस्थ पंचांसमक्ष, नऊ घरांत नऊ पेटत्या चुली पाहिल्या होत्या. न्यायाधीशांनी ती पानं सावकाश वाचली. गंगाआक्कांना उभं करून मोजणीच्या दिवशी काय झालं होतं ते विचारलं. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. नऊ घरं यादीत आली. ती आजही आहेत. आता सिमेंटची आहेत, पण ओळ तीच.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला कधीच सांगून टाकली असती.

मालकानं सदाशिवविरुद्ध तक्रार केली की यानं मुद्दाम वेळ काढला. चौकशी लागली. मामा माझ्याकडे आले. "बाई, मला साक्षीला बोलीवलंय. काय सांगू?" मी म्हटलं, "खरं ते सांगा." दुसरं काय सांगणार? त्यांनी कोट धुऊन घातला आणि चौकशीत सांगितलं, "पोराचा काय दोष न्हाय. वाचाय म्यां लावलं, पंच म्यां बदलाय लावलं, यादी म्यां कराय लावली." त्यांना वाटलं, सगळं आपल्या अंगावर घेतलं की सदाशिव सुटेल. चौकशी अधिकाऱ्यानं तेच शब्द उतरवून घेतले. त्रयस्थाच्या सांगण्यावरून सरकारी काम केलं, असा ठपका बसला आणि सदाशिवची नोकरी गेली.

मामा ते सांगायला आले, तेव्हा ओट्यावर बसलेसुद्धा नाहीत. "नऊ ऱ्हायली, बाई. धाव्वं गेलं," म्हणाले आणि सायकल हाताला धरून चालू लागले.

सदाशिव बिऱ्हाड घेऊन इचलकरंजीला मेव्हण्याच्या यंत्रमागावर कामाला लागला. मामांनी माझ्याकडून अपील लिहून घेतलं. चांगलं अपील होतं, वकील म्हणाले, नक्की टिकेल. फक्त सदाशिवची सही हवी होती. ती आणायला मामा दर रविवारी इचलकरंजीला जायला लागले आणि दर रविवारी कागद तसाच परत आणायला लागले. खणीवरची उजळणी आता तो म्हातारा दगडफोड्या घ्यायचा. मामा बारीक झाले. अपिलाची मुदत संपायला दहा दिवस उरले होते.

त्याच महिन्यात तुमच्या आजोबांची पुण्याला बदली झाली. निघण्याआधी मला इचलकरंजीच्या मावसबहिणीला भेटायचं होतं, म्हणून त्या रविवारी मी मामांबरोबर गेले. नंतर ते लेकीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले, असं मला पुण्याला पत्रानं कळलं. म्हणजे मी त्यांना पाहिलं ते त्याच दिवशी शेवटचं.

सदाशिवचं घर एका अरुंद बोळात होतं. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, शेजारी उभं राहूनही ओरडून बोलावं लागे. सदाशिव पाळी संपवून येत होता. केसांत, भुवयांवर कापसाची तूस, चष्म्यावरही. त्यानं मला नमस्कार केला. मामांकडे पाहिलं आणि थांबला.

"सदा," मामा म्हणाले, "एवडी सही कर. नोकरी परत मिळती तुला. बाईंनी लिवलंय."

"कशाला मामा?" सदाशिव म्हणाला. रागावून नव्हे, दमलेला माणूस बोलतो तसं. "परत लोकांची घरं खाली कराय?"

"तुजं वाटोळं म्यां केलं, पोरा."

"लिवलं म्यां. हात माजा हुता." त्यानं भुवयांवरची तूस पुसली. "तुमी नोकरी सोडलासा, तवा तुमच्याकडं कोण आलतं सही मागाय?"

मामांनी कागद पुढे केला. सदाशिव बाजूनं आत गेला. दार त्यानं लावलं नाही.

माझ्या बसची वेळ झाली होती. बोळात चार पावलं जाऊन मी मागे वळून पाहिलं. मामा दारासमोर उभे होते, कागद दोन्ही हातांत धरून, डोळे त्या कागदावर. आत सदाशिवची बायको जेवणाचे पाट मांडत होती. एक नवऱ्याचा, दोन मुलांचे. मग तिनं दाराकडे पाहिलं, भिंतीला लावलेला आणखी एक पाट उचलला, पदरानं पुसला आणि त्यांच्या शेजारी ठेवला.